म्हाळसाबाई, वाड्याची ॲडमिन

दुपारची जेवणं झाली, भांडी पालथी पडली की आमची आत्या चालायला निघते. घराबाहेर पडत नाही. आमच्या दोन खोल्यांत चालायला जागा तरी कुठे आहे? पत्र्याखाली चटई टाकायची, उशाला घोंगडीची घडी, कानाशी फोन, आणि डोळे मिटायचे. सुरुवातीला मला वाटायचं, म्हातारी झोपते. एकदा शिवणयंत्रावरून मान वर केली तर तिची पावलं हलत होती, अगदी हळू, एक पुढे, एक मागे, आणि ओठांतल्या ओठांत ती कुणाला तरी सांगत होती, “दमानं. दमानं. फुडं वड्याचा उतार हाय.”

फोनातून माझ्या वडिलांचा आवाज येत होता. ते त्या दिवशी अक्कलकोटच्या पलीकडे कुठेतरी मेंढरं घेऊन एका ओढ्यात उतरले होते.

नातं आधी सांगून टाकते, नाहीतर घोळ होतो. म्हाळसाबाई ही माझ्या वडिलांची पाठची बहीण, म्हणून माझी आत्या. आणि तिच्या अजिनाथला मी दिलेली, म्हणून सासू. आमच्या धनगरांत मामाची पोर भाच्याला देतात. त्यामुळे माझी पंचाईत अशी की सासूची तक्रार बापाकडे करावी तर ती त्याची लाडकी बहीण, आणि बापाची तक्रार सासूकडे करावी तर तो तिचा देव. अजिनाथ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर कामाला जातो, मी घरी टॉवेलच्या कडा शिवते. आमची खोली कारखान्यांच्या मागच्या अंगाला आहे. दिवसभर मागांचा खडखडाट. पाहुण्यांचं डोकं उठतं. आत्या म्हणते, लांबून डांबरीवरनं मेंढरं चालल्यागत वाटतंय, बरं वाटतंय.

तिचं आयुष्यच मेंढरांमागे गेलं. सांगोल्याकडचं आमचं गाव नावापुरतं. दिवाळी झाली की घोड्यावर संसार बांधायचा, कोंबड्या पाटीत, कोकरं जाळीत, आणि निघायचं. पाऊस पडला की परत. तुझा जन्म कुठला, असं विचारलं तर ती एका बाभळीचं वर्णन सांगते. बाभूळ कुठल्या गावची ते तिला माहीत नाही. पुढे सासरे गेले, तिचे गुडघे गेले, मेंढरं विकली आणि अजिनाथनं तिला सोलापुरात आणली. इथे आल्यावर कित्येक दिवस ती सकाळी उठून भांबावल्यासारखी बसायची. एकदा मला म्हणाली, “ऋतू, रोज त्याच जागंला जाग यायची म्हंजी काय गं? काल बी हितंच हुतो की आपन.” मी हसले. ती हसली नाही.

आणि कामाला तर अशी, की विचारू नका. भाजीत मीठ घातलंस का, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसतं. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा गल्लीत नुसती पळापळ असते आणि ही हंडा भरायचा सोडून धारेकडे बघत बसते. “एवढं पानी,” म्हणते, “आन् प्यायला एक मेंढरू न्हाय.” मी ओरडते. ओरडून काही होत नाही. आईच्या मायेनं तिनं मला सांभाळलंय, म्हणून फार ओरडवतही नाही.

तर तिचं हे दुपारचं चालणं ‘आपला वाडा’ या ग्रुपवर चालायचं. वाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चौकाचं दगडी घर येतं. आमचा वाडा म्हणजे रानात पडलेला मुक्काम: चार घरं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, आणि अंधार पडला की मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी. तिला वाघर म्हणतात. पूर्वी सगळी घरं एका वाटेनं जायची. आता मोकळी रानं राहिली नाहीत, प्लॉट पडले, ऊस आला, त्यामुळे एक घर मराठवाड्यात, एक घाट उतरून खाली, एक कर्नाटकात. एकत्र असा राहिला तो फोनातलाच वाडा. धोंडीरामनं तो काढला. धोंडीराम आमच्यातलाच, शिकलेला, मंगळवेढ्याला खताच्या दुकानात कामाला. लिहिणारी माणसं थोडी, म्हणून सगळा कारभार आवाजाचा. कुठे चारा आहे, कुठे पाणी आहे, कोण शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, कुठली कुत्री वाईट. रेंज मिळाली की सगळ्यांचे निरोप एकदम येऊन पडतात, आणि आत्या एकेक लावत त्यांच्या मागून चालू लागते.

बाकीचे कामापुरतं बोलायचे. आत्या एकटी बिनकामाचं विचारायची. “ती लंगडी शेळी कशी हाय रं?” “तुज्या सुनंचं माहेर लागलं असंल की वाटंत, दोन दिस ऱ्हायला द्या तिला.” “काल तुज्या बोलन्यात खोकला हुता.” आणि गंमत म्हणजे दमून आलेली माणसं तिला सविस्तर उत्तरं द्यायची.

त्यात माझ्या वडिलांचा, बिरुदेवतात्यांचा, निरोप आला की ती उठून बसायची आणि डोक्यावर पदर घ्यायची. थोरल्या भावासमोर आडवं पडायचं कसं? पण आडवं पडल्याशिवाय तिला चालता येत नाही. मग थोडा वेळ बसून, मान राखून झाला की पुन्हा चटईवर. तात्यांचा आवाज जाडाभरडा, शब्द तोलून टाकल्यासारखे. “आज खडकाळ हाय.” “आज वारं हाय.” एवढ्यावर ती दुपारभर चालायची. संध्याकाळी अजिनाथ कामावरून आला की त्याला सांगायची, “आज आमी होटगीच्या अलीकडं बसलो.” तो चहा पिता पिता म्हणायचा, “बरं झालं, आई. पाय दुखलं असत्याल, चेपू का?” ती खरंच पाय पुढे करायची.

यंदा तात्यांचं शेवटचं फिरणं होतं. गुडघ्यांचं दुखणं आमच्या घराण्यातच आहे. पाऊस पडला की मेंढरं विकून गावात बसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आत्यानं मला दिवाळीतच बजावलं, “औंदाचं फिरनं मी दादासंगं पुरं करनार हाय. मदी मला काय काम सांगू नगंस.” जशी काही एरवी करत होती. पण मी हो म्हटलं. तिच्या उभ्या जन्मातलं हे शेवटचं फिरणं होतं, हे मलाही कळत होतं.

उन्हाळा चढला. तात्या सीमेजवळ पोचले होते. बिरप्पाही तिकडेच होता. बिरप्पा आमच्यातलाच, पण सीमेवरचा, घरी कन्नड बोलणारा. त्यानं ग्रुपवर विचारलं, अण्णा, तुमच्या बाजूच्या तळ्यात पाणी आहे का? तात्यांचा निरोप आला. “हिकडं काय न्हाय. तळं आटलंय. येऊ नगा.”

आत्या डोळे मिटून ऐकत होती. तिच्या तोंडावर हसू पसरलं. “पानी हाय,” ती पुटपुटली.

“तात्या तर नाही म्हणतात.”

“दादाच्या बोलन्यामागं मेंढरं गप हायती बग. एक वरडंना. तोंड पान्यात घातल्याबिगर एवढ्या उन्हात मेंढरू गप ऱ्हातंय व्हय?” असं म्हणून ती कुशीवर वळली. पंखा बंद होता, पत्रा तापला होता, आणि तिनं गार वारा लागल्यासारखे पाय पोटाशी घेतले. मी मशीन थांबवून बघत राहिले. त्या खोलीत ती एकटीच तळ्याच्या काठाला होती.

आता तात्या खोटं बोलले, हे तर उघड आहे. पण आमच्यात हे खोटं कुणी खोटं धरत नाही. रानात दोन मेंढपाळ भेटले की एक विचारतो, तिकडं काय हाय? दुसरा म्हणतो, काय न्हाय. असंच म्हणायचं असतं. चांगलं कुरण आपणहून सांगितलं तर आपल्या मेंढरांच्या तोंडचा घास गेला. मग विचारणारा त्याच्या डोळ्यांकडे बघतो, पायताणाला लागलेला चिखल बघतो, मेंढरांची पोटं बघतो, तंबाखूची चिमूट देतो-घेतो आणि निमूटपणे तिकडेच वळतो. तिथे पाणी निघालं तरी कुणी कुणाला खोटारडा म्हणत नाही. माझा आजा असंच बोलायचा, त्याचा बापही असंच बोलला असेल.

फोनात चिखल दिसत नाही. बिरप्पानं तात्यांचा शब्द धरला आणि मेंढरं उलट्या अंगाला वळवली. त्या अंगाला खरोखरच काही नव्हतं. पुढे त्याचा निरोप आला तेव्हा मीच तो लावला.

“बिरुदेवण्णा नीरू इल्ल म्हणाला, पाणी न्हाय म्हणाला. आमी ऐकलो. समोर असता तर तोंड बघून कळलं असतं की. फोनात तोंड कुटलं बघू? कोकरं गेली, अण्णा. जाळीत घालून आणलेली सुदा गेली.”

त्याच्या आवाजामागे मेंढ्या ओरडत होत्या. आत्यानं फोन माझ्या हातातून घेतला आणि चटईवर पालथा ठेवला.

मग ग्रुपवर नुसता गोंधळ. तात्यांनी दोन शब्द नमतं घ्यावं की नाही? तर त्यांचा निरोप, “म्या काय नवं केलं? आजाबी असंच सांगायचा. त्यानं डोकं चालवायचं हुतं.” मला त्यांचा असा संताप आला! आणि दुसऱ्याच क्षणी कुणीतरी त्यांना दगाबाज म्हणालं, तेव्हा त्या माणसाचाही आला. बाप आहे माझा. त्यांचा ताठा मला माहीत आहे. चूक कळली की ते आधी मोठ्यानं बोलतात, मग चार दिवस जेवत नाहीत.

वाड्याची एक रीत आहे. ज्याच्या शब्दानं वाड्याचं नुकसान झालं, त्यानं वाघर वेगळी लावायची. म्हणजे त्याची मेंढरं वेगळी, चूल वेगळी, आणि सगळे गावात परत येईपर्यंत वाड्यातल्या कुणी त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. बायका-पोरांनाही सूट नाही. पाऊस पडून गावात आलं की पहिल्या दिवशी एकत्र जेवायचं, विषय संपला. फोनातल्या वाड्यात वाघर वेगळी लावायची म्हणजे माणसाला ग्रुपमधून काढायचं, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. बिरप्पाकडची घरं म्हणाली, बिरुदेवाला काढा, नाहीतर आम्ही निघालो.

काढणार धोंडीराम, कारण ॲडमिन तो. आणि धोंडीरामनं हात वर केले. “माजी एक बहीन हिकडं दिलीया, एक तिकडं,” तो म्हणाला. “म्या काडला तरी मार, न्हाय काडला तरी मार. दुसरा कुनी ॲडमिन बगा.”

दुसरा ॲडमिन बघायचा म्हणजे काय हे तेव्हा मला कळलं. सिद्धनाथ म्हणून एकाचं सांगोल्याला मोबाइलचं दुकान आहे, हुशार पोरगा. तो लगेच म्हणाला, “मी हाय की.” झालं, तिथेच बाद. आपणहून राखण मागणाऱ्याला आमच्यात राखण देत नाहीत. याला मेंढरांत काहीतरी आवडलेलं दिसतंय, असा सगळ्यांचा समज होतो. पण सिद्धनाथ रुसला नाही. त्यानं ग्रुपवर मतदान टाकलं, पाच-सहा नावं दिली, ज्याला पाहिजे त्याच्यापुढे खूण करा. संध्याकाळी बघतो तर प्रत्येकानं प्रत्येक नावापुढे खूण केलेली. सगळ्यांना सारखीच मतं. आत्यानंही तसंच केलं होतं. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, एकालाच द्यायचं असतं. ती म्हणाली, “एकाला दिलं तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?”

मग कुणीतरी सुचवलं, बिरोबाला कौल लावू. देवळातल्या पुजाऱ्याचा उलट निरोप आला, देव मेंढरांचं सांगतो, मोबाइलचं सांगत न्हाय. त्यावर मात्र भांडणाऱ्यांतलेही हसले.

शेवटी बिरप्पा बोलला. दुपारची वेळ होती. आत्या चटईवर होती, आणि बऱ्याच दिवसांनी तिचा डोळा खरोखर लागला होता. फोन माझ्या मशीनवर होता.

“म्हाळसाक्का व्हावी ॲडमिन,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणी बिरुदेवण्णाला काडला तर वैर पडंल. पोरांच्या पोरांपतूर चालंल ते. अक्कानं काडला तर नुसतं दुखंल. आणि अक्का सगळ्यांचं इचारती. माज्या मेल्या कोकरांचं नावानं इचारली ती एकटी.”

मला माहीत नव्हतं. तिनं कधी विचारलं होतं कोण जाणे.

एकापाठोपाठ एक अंगठे आले. घाटाखालून आले, मराठवाड्यातून आले. सिद्धनाथनं पहिला पाठवला. धोंडीरामनं तिला ॲडमिन केलं आणि स्वतः त्यातून बाजूला झाला. मी त्या अंगठ्यांकडे बघत बसले आणि माझी सासू समोर झोपेत कुठल्या तरी माळावरून चालत होती. उन्हाचा एक कवडसा पत्र्याच्या भोकातून तिच्या कपाळावर पडला होता. तिला उठवू नये असं फार वाटलं मला.

उठली तेव्हा सांगितलं. “ॲडमिन म्हंजी?” तिनं विचारलं.

“वाड्याचा राखण्या.”

तिचे डोळे केवढे मोठे झाले! “बाईला राखन दिली? मला?” ती लाजली, पदर सारखा केला, बाहेर जाऊन चूळ भरून आली. “तुज्या सासऱ्याला बगायला पायजे हुतं.” एवढ्यावर मी गप्प राहिले असते तर किती बरं झालं असतं. पण निरोप दाबून ठेवता येत नाही. मी बिरप्पाचा आवाज लावला. तिनं ऐकला. पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा ऐकला. मग म्हणाली, “पानी दे गं.”

त्यानंतर तिनं चटई टाकली नाही. दुपारी भिंतीला टेकून बसायची. कवडसा जमिनीवरून सरकत सरकत भांड्यांच्या फळीपर्यंत जायचा, तो बघायची. मागांचा खडखडाट चालू असायचा आणि खोलीत कापसाचे बारीक तंतू तरंगत असायचे, माझ्या टॉवेलांचे. तात्यांचे निरोप येत होते, ती ते लावत नव्हती. ग्रुपवर कुणी घाई केली नाही. घाई केली असती तर मी दोन शब्द सुनावले तरी असते. सगळे नुसते थांबले होते.

अजिनाथ म्हणाला, “आई, तूच ग्रुप सोड. मी सोडून देतो तुज्या फोनातनं. त्यांचं ते बगून घेत्याल.”

“आन् मग मी कुटं जाऊ?” आत्या म्हणाली. तो नुसताच तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिला.

तिला वाचता येत नाही. काढायचं म्हणजे मला सांगणार, हे मी ओळखून होते, म्हणून आधीच बोलून टाकलं, “मी काढणार नाही. मी लेक आहे त्यांची. आणि तूही काढू नकोस. पाऊस लांब नाही, तोवर ढकल. यंदाचं त्यांच्याबरोबर पुरं करायचं म्हणत होतीस ना?”

“म्हनत हुते की.”

“मग? कुणाची कोकरं मेली, त्याला तू काय करणार?”

ती जमिनीकडे बघत म्हणाली, “मला ऐकू आलं हुतं गं. पानी हाय ते. मी म्हनलं, समद्यांनाच ऐकू आलं असंल. बिरप्पाला एक शबुद टाकला असता, तर वळला असता त्यो. मी एकटीच पिऊन झोपले.”

मी मशीनकडे तोंड केलं आणि एक कड वाकडी शिवली, उसवली, पुन्हा वाकडी शिवली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं स्वतःच फोन घेतला. तात्यांच्या नावाला त्यांच्या पांढऱ्या मेंढ्याचं चित्र आहे, त्यावरून तिला नंबर सापडतो. आमच्यात उगाच फोन करत नाहीत. फोन वाजला म्हणजे कुणीतरी गेलं, असाच अर्थ. तात्यांनी उचलला आणि काही न बोलता थांबले. तिनं फोनचा आवाज मोठा केला, कारण फोन हातात धरून बोटानं दाबायचं होतं.

“दादा, कुनी गेलं न्हाय,” ती आधी म्हणाली. मग, “दादा, मला राखन दिलीया.”

“कळलं.”

“ऋतू काडत न्हाय तुला. मला वाचता येत न्हाय.”

पलीकडे वारा होता. तात्या म्हणाले, “सिद्धनाथाला इचारून ठिवलंय म्या. तुला जमनार न्हाय, म्हाईत हुतं. ध्यान दे. वाडा उगड. वर वाड्याचं नाव हाय, त्याच्यावर बोट लाव.”

माझी मशीन थांबली. इतके दिवस ते वाट बघत होते. स्वतःला कसं काढायचं, ते एका पोराला विचारून, पाठ करून बसले होते.

“लावलं,” आत्या म्हणाली.

“आता खाली जा. समद्यांची चित्रं येत्याल. आपला मेंढा दिसला की थांब.”

ती बोट फिरवत राहिली. एकेक चेहरा वर सरकत गेला. “दिसला.”

“त्याच्यावर बोट दाबून धर. उचलू नगं. काय उगडलं?”

“वळी हायती. लिवलेल्या.”

“वरनं चौथी. मोज.”

तिनं मोजल्या. ओठ हलवून, मेंढरं मोजतात तशा. मग बोट चौथीवर नेऊन ते वरच धरलं. “दादा,” ती म्हणाली, “औंदाचं शेवटचं फिरनं तुजं.”

“व्हय.”

“मी संगं हुते.”

“हुतीस की,” तात्या म्हणाले. “म्हनून तर रोज बोलत हुतो. न्हायतर खडकाळ हाय, वारं हाय, हे कोन कुनाला सांगतंय? दाब आता. ऊन वाडाय लागलंय, मेंढरं खोळंबल्यात.”

तिनं दाबलं. खरंच काढायचं का, असं फोननं पुन्हा विचारलं, ते तिला कळलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी वाचलं. मी मान हलवली. तिनं पुन्हा दाबलं. बिरुदेव यांना काढले, अशी एक ओळ आली.

“झालं का?” तात्यांनी विचारलं.

आत्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. वाघर वेगळी झाली होती. आता बोलायचं नव्हतं.

“म्हाळसे? झालं का गं?”

तिनं पदराचा बोळा तोंडावर धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं हूं की चूं केलं नाही.

मग तात्यांनी विचारलं, “ऋतू हाय का तितं?”

ही रीत मी मानणार नाही, असं मी मनात केव्हाच ठरवलं होतं. सोलापुरात राहणारी, बारावी शिकलेली पोर मी, बापाशी बोलायला मला वाडा कोण अडवणार? ‘तात्या’ एवढा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी आत्याकडे बघितलं. आणि मीही गप्प राहिले.

“झालं म्हंजी,” तात्या म्हणाले. “बरं केलं.”

मला वाटलं, आता फोन बंद होईल. झाला नाही. खिशात टाकल्यासारखी खसखस झाली, काठी दगडावर वाजली, तात्यांनी मेंढरांना हाक घातली आणि ते चालू लागले. बोलले कुणाशीच नाहीत. ग्रुपवर निरोप येत होते, कुणीतरी अक्का, अक्का म्हणत होतं. आत्यानं ते लावले नाहीत. फोन दोन्ही हातांत धरून ती नुसती बसून होती. पलीकडे खुरांचा आवाज, मधेच एखादं कोकरू, मधेच तात्यांचं खोकणं. तो खोकला तिनं नीट ऐकला, काहीतरी विचारायला ओठ हलले, पण विचारलं नाही. रेंज जाईपर्यंत फोन चालू होता.